गादीवरच्या वहाणा

रोलरवाल्याला कुणी घाबरत नाही. ट्रक आला की माणूस रस्त्याच्या कडेला उडी मारतो. एसटी आली की म्हातारी माणसंसुद्धा धोतर आवरून पळतात. रोलर आला तर लोक बिडी पेटवून बघत उभे राहतात. कुणी विचारतं, "डायवर, सोडता का पुढच्या फाट्यापतूर?" आणि मी हो म्हणेपर्यंत चालत माझ्या पुढं निघून जातं. माणसाच्या पायांपेक्षा हळू जाणारी गाडी मी सव्वीस वर्षं चालवली. सोलापूर जिल्ह्यातला कुठला रस्ता माझ्या चाकाखालून गेला नाही, हे आठवायला मला वेळ लागेल. बायको म्हणायची, "तुमच्या नोकरीत एक बरं हाय. पडायची भीती न्हाई आणि पोचायची घाई न्हाई."

तिचं बरोबर होतं, आणि तिथंच खरी मेख होती. अंगावर धावून येणाऱ्या बैलापासून माणूस जपून राहतो, रवंथ करणाऱ्याच्या पायात जाऊन बसतो. रोलर म्हणजे दहा टन लोखंड. ते हळू चालतं म्हणून हलकं होत नाही.

ज्यांनी हे यंत्र लांबूनच पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढं एक रुंद चाक, मागं दोन उंच चाकं, तिन्ही भरीव लोखंडाची. ड्रायव्हरची गादी मागच्या दोन चाकांच्या मध्ये, उंचावर, डोक्यावर पत्र्याचं छप्पर. तिथून मैलभर लांबचं दिसतं, पण पुढच्या चाकासमोरचे दोन हात आणि मागच्या चाकांपाठचे दोन-तीन हात दिसत नाहीत. त्यातून इतर गाड्या पुढं जातात आणि गरज पडली तर मागं येतात. रोलर जेवढा पुढं जातो तेवढाच मागं येतो. दिवसातला अर्धा वेळ आम्ही पाठीच्या दिशेनं चाललेलो असतो.

मला रोलर शिकवला लतीफभाईंनी. त्यांचा पहिला धडा इंजिनाचा नव्हताच. "चढने के पैले एक चक्कर मारना," ते म्हणायचे. "झुकके नीचे देखना. मशीन कू आंखां नै रैते, तेरे आंखां उसकू देना." मी गादीवर चढायच्या आधी रोलरभोवती फेरा मारायचो आणि वाकून बघायचो. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, हा रोलरला प्रदक्षिणा घालतोय.

या फेऱ्याची किंमत मला अकलूजच्या रस्त्यावर कळली. आम्ही खडी दाबत होतो. एका सकाळी आलो तर रस्त्यावर करडईचे भारे पसरलेले. करडई काटेरी, तिच्यावर पाय ठेवायला बैलसुद्धा कुरकुरतात. मालक हात जोडून उभा. "जावा की वरनं. तुमाला तर तिकडंच जायाचं हाय!" मी भिडस्त, गेलो. गडी एवढा हुशार की रोलर पुढं सरकेल तसा स्वतः मागं मागं जात हातानं ताटं चाकाखाली सारू लागला. मधेच मला त्याचा पटका दिसेनासा झाला. मी दचकून ब्रेक दाबला, उतरून बघतो तर उपरण्याचं टोक चाकाखाली, उपरणं गळ्याला आवळलेलं, आणि तो गुडघ्यांवर, नाक चाकापासून वीतभर. पुन्हा चढून रोलर मागं घेतला तेव्हा तो सुटला. खाली बसला, गळा चोळला, दोन-चार दीर्घ श्वास घेतले आणि म्हणाला, "आलाच हाय मागं, तर हिकडली बाजूबी घ्या की. ती ऱ्हायली."

मी हसलो, पण आधी त्याला रस्त्याच्या कडेला लांब उभा केला.

त्यानंतर दुष्काळाचं साल आलं. माझा रोलर मंद्रूपच्या पुढं एका माळावर गेला. तिथं तलावाचा बांध घालायचं काम होतं. पाच-सहाशे माणसं असतील. पुरुष माती खणायचे, बायका पाट्यांनी ती बांधावर टाकायच्या. मातीचा एक थर झाला की त्याच्यावर पाणी मारायचं आणि मी रोलर फिरवायचा. मग त्याच्यावर दुसरा थर.

त्या माळावर एक झाड नव्हतं. दुपारी बारा वाजता सावली माणसाच्या पायाखाली येते. जेवणाच्या सुट्टीत उभ्या माळावर सावली म्हणावी अशी एकच, माझ्या रोलरची. चार-पाच मैल चालत आलेली आणि सकाळपासून माती वाहिलेली माणसं भाकरी खाऊन सरळ रोलरखाली सरकायची. वरती इंजिन तापलेलं, खाली माती तापलेली, तरी उन्हापेक्षा बरं म्हणायचं. कुणी इंजिनाखाली, कुणी मागच्या चाकांच्या मधे, आणि जागा उरली नाही की कुणी चाकाला पाठ लावून.

आमच्या ओव्हरसियर साहेबांनी नियम काढला होता की, काम सुरू करण्याआधी तीन शिट्ट्या. पण साहेबांची शिट्टी हजेरीला वाजायची, पाण्याच्या टँकरला वाजायची, कुणी दोघं भांडले तरी वाजायची. अर्ध्या पोटी दमून झोपलेल्या माणसाला एवढ्या शिट्ट्यांतली आपली शिट्टी ऐकू येत नाही. मी मात्र फेरा मारायचो, वाकायचो आणि एकेकाला हाक मारून उठवायचो.

माझ्याबरोबर बनसोडे नावाचा फिटर होता. सोलापूरचाच, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान, हाताचा सफाईदार आणि तोंडाचा फटकळ. एके दिवशी दुपारी मी फेरा मारला आणि चढणार तोच साहेबांनी हाक मारली. परत आलो तो सरळ गादीवर. फेरा झालाच होता की! इंजिन सुरू केलं आणि खालून लोखंडावर पान्हा आपटल्याचा आवाज आला, ठण ठण ठण. मधल्या पाच मिनिटांत बनसोडे ग्रीस भरायला खाली शिरला होता. तो बाहेर आला, हात पुसले, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या गादीवर त्याच्या वहाणा.

गादीच्या बाजूच्या पत्र्यावर मी सिद्धरामेश्वराची तसबीर लावलेली. रोज सकाळी उदबत्ती लावायचो. माणसं रोलरवर चढताना पायातलं खाली काढायची, आणि इथं देवासमोर टायरच्या वहाणा!

"ह्या कुणाच्या?" मी ओरडलो.

"माझ्या," बनसोडे खालून म्हणाला. "चाकाचं बघतोय."

"आणि वहाणा गादीवर?"

"तुमी बसायच्या आदी हात लावाल असं कायतरी ठेवाया पायजे हुतं, अण्णा. भाकरी ठेवणार हुतो. पर तुमी ती खाऊन वर बसला असता."

राग आला की मी कन्नडवर जातो. त्या दिवशी गेलो. आणि काठीनं वहाणा खाली ढकलल्या.

आता खरं ते लिहितो. राग नुसता देवासाठी नव्हता. बनसोडे बौद्ध. आम्ही एका टँकरचं पाणी प्यायचो, एका तंबूत झोपायचो आणि त्यामुळं मी स्वतःला फार सुधारलेला समजत होतो. पण दुसऱ्याच्या, आणि त्यातून त्याच्या, वहाणा हातानं उचलायच्या म्हटल्यावर माझा हात पुढं होईना. सुधारणा कुठपर्यंत पोचलीय हे असं एखाद्या दिवशी कळतं.

तीन दिवस हेच चाललं. त्यानं ठेवायच्या, मी काठीनं ढकलायच्या. चौथ्या दिवशी तो रोलरखालून बाहेर आला आणि समोर उभा राहिला.

"अण्णा, माझ्या वहाणंला हात लावायची तुमाला लाज वाटती. माझ्यावरनं चाक न्यायची न्हाई वाटायची?"

मी काठी टाकली आणि वहाणा उचलून त्याच्यासमोर ठेवल्या. त्यात मोठेपणा काही नव्हता. ऊन होतं, माणसं खोळंबली होती आणि आपण वादात हरलो हे मला समजलं होतं.

मग ही रीतच पडली. बनसोडेनं सगळ्यांना सांगितलं की, रोलरच्या सावलीत पडायचं तर एक वहाण डायवरच्या गादीवर. एकच, कारण एका वहाणेवर कुणी कामाला जात नाही. दुपारी माझी गादी वहाणांनी भरून जायची. सुट्टी संपली की मी एकेक उचलून विचारायचो, "ही कुणाची?" आणि रोलरखालून उत्तर यायचं. ज्याची त्याला मिळाली, गादी मोकळी झाली, की मग इंजिन. हळूहळू मी माणसांना वहाणांवरून ओळखायला लागलो. कुणाचा अंगठा तुटून दोरीनं बांधलेला, कुणाच्या टाचेत खिळा. एका म्हाताऱ्याची वहाण एवढी झिजलेली की मी त्याला म्हणालो, "आजोबा, ही वहाण हाय का वहाणंची सावली?" सगळे हसले. दुष्काळात हसायला फार काही नव्हतं, त्यामुळं हा कार्यक्रम लोकांना आवडायचा.

साहेबांनाही आवडला. वरचे साहेब पाहणीला आले तेव्हा आमच्या साहेबांनी त्यांना मुद्दाम दुपारी आणलं. मी गादीवरून वहाणा वाटल्या. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. कल्पना बनसोडेची होती हे तेव्हा मी सांगितलं नाही. तो टँकरजवळ उभा राहून बघत होता.

आणि या सगळ्यात फेरा मारायचं मी कधी सोडलं, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. एकदा घाई होती म्हणून सोडला असेल. मग वाटलं असेल, गादी तर मोकळी झाली, आता कशाला वाकायचं? नियम इतका चोख होता की मला डोळ्यांची गरज वाटेना.

त्या दुपारी गादीवर सतरा वहाणा होत्या. सतराही दिल्या. गादी मोकळी. मी चढलो, इंजिन सुरू केलं, रोलर मागं घेतला. अर्धा हातसुद्धा गेला नसेल. किंकाळी ऐकली.

मी ब्रेक दाबून धरला. डाव्या चाकामागं, पत्र्याच्या छपराची पट्टीभर सावली पडते तिथं, एक बाई होती. टँकरवर पाणी प्यायला थांबल्यामुळं तिला उशीर झाला होता, आणि बाकीचे आत शिरल्यावर उरली ती जागा तिनं धरली होती. इंजिनाच्या आवाजानं ती दचकून जागी झाली. उठताना तिनं हात जमिनीवर टेकला. नेमका त्याच वेळी मी रोलर मागं घेतला.

रोलर जिथं होता तिथं बांधाला मागच्या बाजूनं उतार होता. हात सोडवायचा तर रोलर पुढं न्यायला हवा, आणि पुढं न्यायला ब्रेक सोडला की गिअर धरेपर्यंत तो बोटभर तरी मागं येणार. त्या बोटभरात तिचं मनगटही गेलं असतं. माझा पाय ब्रेकवर दगडासारखा झाला होता. बनसोडे धावत आला, आडवा पडला आणि चाकामागं एकावर एक दगड सारत ओरडला, "आता सोडा! पुढं! पुढं घ्या, अण्णा!" मी देवाचं नाव घेतलं आणि ब्रेक सोडला. दगड करकरले. रोलर पुढं गेला.

तिचं नाव शेवंता. मंद्रूपजवळच्याच एका वाडीची, वयानं माझ्याएवढी. मनगट वाचलं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

तिला ट्रकमध्ये घालून सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. त्याच संध्याकाळी साहेबांनी जबाब लिहिला आणि मला वाचून दाखवला: सावलीत झोपताना वहाण ठेवण्याचा नियम सर्वांना माहीत असूनही सदर स्त्री मजुराने तो पाळला नाही. "बरोबर आहे ना, बिराजदार?" त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. घरी दोन मुलं होती, नोकरी सरकारी होती. मी सही केली.

साहेबांनी कागद बनसोडेपुढं केला. त्यानं तो परत सारला. "नियम माझा हाय, साहेब. सही करून मी त्या बाईला चोर ठरवू का?"

तंबूत परत आल्यावर मी त्याच्यावर उखडलो. म्हणालो, "तुझा नियम होता ना? मग बाईनं वहाण का ठेवली न्हाई, ते तू सांग." तो वळकटी उचलून बाहेर झोपायला गेला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मी तिची विचारपूस करायला गेलो होतो असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी गेलो होतो माझ्या सहीला आधार शोधायला. गेल्या गेल्या विचारलं, "बाई, वहाण का ठेवली न्हाईस गादीवर?"

तिनं आधी बनसोडेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्हवती की, दादा," ती म्हणाली. "काय ठेवू?"

चादरीच्या बाहेर तिचे पाय होते. टाचा भेगाळलेल्या, तळवे कातड्यासारखे. त्या पायांनी ती चार मैल यायची, दिवसभर तापल्या मातीत चालायची आणि चार मैल परत जायची. महिनाभर मी वहाणांवरून माणसं ओळखत होतो आणि कामावरची पाव माणसं अनवाणी होती. ती माणसंही पहिल्यापासून रोलरखाली झोपत होती, शेजारच्यांच्या गडबडीनं उठत होती. त्या माणसांना दुपारी हाक मारायला कुणीच उरलं नव्हतं, कारण हाक मारणारा मी, आणि मी वहाणा वाटण्यात दंग.

बनसोडे खाटेच्या कडेला बसला. "माझी आई जल्मभर अनवाणी हिंडली," तो म्हणाला. "जल्मभर. आणि माझ्याच डोस्क्यात आलं न्हाई."

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "माझीच चूक. मी सांगाया पायजे हुतं. लाज वाटली." मग तिनं विचारलं, "बाकीच्या बाया आता कुटं पडत्यात, दादा?"

मी सांगितलं, साहेबांनी रोलरजवळ झोपायला बंदी केलीय.

"मग कुटं पडत्यात?"

"उनात," मी म्हणालो.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. आम्ही सगळे शहाणे, साहेब, फिटर, ड्रायव्हर. रोलरखालची माणसं कशी मोजायची याच्यावर आम्ही महिनाभर डोकी चालवली होती. माणसांना रोलरखाली का शिरावं लागतं, एवढं एका जखमी बाईनं विचारेपर्यंत कुणाच्या मनात आलं नव्हतं.

साहेबांकडं जाऊन मी म्हणालो, जबाब बदलायचाय. ते म्हणाले, कागद वर गेला. मी दुसरा लिहून दिला, की ती बाई अनवाणी होती, तिच्यासाठी नियमच नव्हता, आणि ड्रायव्हरनं चढण्याआधी खाली वाकून बघितलं नाही. तो कागद पुढं गेला की साहेबांच्या टेबलातच राहिला, मला कळलं नाही. पहिल्या कागदावरची माझी सही मात्र पोचली, एवढं मला माहीत आहे. ती सही मला अजून सलते.

दुसऱ्या दिवशी बनसोडेनं कुठून तरी बांबू आणले. रोलर झाकायची मोठी ताडपत्री होती, ती आम्ही सोडली आणि बांधापासून लांब मांडव घातला. साहेब धावत आले. "ही ताडपत्री मशीनसाठी आहे!"

"मशीनला ऊन लागत न्हाई, साहेब," बनसोडे म्हणाला.

सरकारी मालाच्या गैरवापराबद्दल आम्हा दोघांना मेमो मिळाला. मांडव मात्र राहिला. तो काढायला सांगायचं धाडस दुपारी बारा वाजता कुणाला झालं नाही. मी पुन्हा फेरा मारायला लागलो, वाकायला लागलो. पण इंजिन सुरू केल्यावर रोलर मागं घ्यायचा म्हटलं की माझा पाय ब्रेकवरून निघायचा नाही. पाच-पाच मिनिटं तसाच बसायचो. पुन्हा उतरायचो, पुन्हा बघायचो, पुन्हा चढायचो. हे काम आता आपल्याच्यानं होणार नाही असं वाटून बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता.

दोन महिन्यांनी शेवंता कामावर परत आली. दुष्काळ संपला नव्हता, न येऊन करणार काय? तिला पाणी वाटायचं काम दिलं. डाव्या हातानं तांब्या धरायची. दुपारी सगळ्या बायका मांडवात आडव्या झाल्या, ही कडेला बांबूला टेकून बसली. मी जवळ जाऊन म्हणालो, "शेवंताबाई, पडा की जरा. हितं चाक येत न्हाई."

"झोप लागत न्हाई आता, दादा," ती म्हणाली. "डोळा लागला की इंजनचा आवाज येतो."

सुट्टी संपत आली होती. मी उठून रोलरकडं गेलो, फेरा मारला, वाकून बघितलं, चढलो, इंजिन सुरू केलं. आणि रोजच्यासारखा पाय ब्रेकवर अडकला.

ती मांडवातून बघत होती. उठली. झोपलेल्या बायकांवरून तिनं एकदा नजर फिरवली. मग चालत बांधावर आली, रोलरच्या मागं गेली, खाली वाकली, दोन्ही चाकांमागं बघितलं आणि मला दिसेल अशी लांब उभी राहिली.

"घ्या मागं, दादा," ती म्हणाली. "कुणी न्हाई. मी जागी हाय."